एकच जागा, अख्खं वर्ष: ऋतू जवळून अनुभवण्याची रीत

एका ओढ्याकाठी जुनं झाड आहे. गेली बरीच वर्षं मी दर आठवड्याला त्याच्या मुळांवर जाऊन बसतो. पहिल्या वर्षी मला तिथे झाड, पाणी आणि पक्षी दिसले. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की ते पक्षी तीन निराळ्या जातींचे आहेत आणि त्यातली एक जात थंडी सरली की दिसेनाशी होते. तिसऱ्या वर्षी थंडी ओसरायला लागली तशी मला आतून हुरहुर लागली, कारण ते आता जाणार हे मला आधीच ठाऊक होतं.

ही हुरहुर लांबच्या सहलीत मिळत नाही. नव्या ठिकाणी डोळे दिपतात, पण तिथे काल काय होतं आणि आज काय बदललं हे कळायला काही मार्ग नसतो. ऋतू म्हणजे बदल, आणि बदल दिसायचा तर जागा तीच हवी. म्हणून या लेखातली सगळी रीत एकाच गोष्टीभोवती फिरते: एक जागा निवडायची आणि वर्षभर तिथेच जात राहायचं.

जागा कशी निवडावी

पहिली अट अंतराची. घरातून निघून चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता आलं पाहिजे. सुंदर पण दूर असलेली जागा दोन महिन्यांत सुटते, साधी पण जवळची जागा टिकते.

दुसरी अट थोडी कमी माहितीची आहे. जागा शक्यतो कडेची निवडा. जिथे झाडी संपून गवत सुरू होतं, शेत संपून ओढा लागतो, झुडपांना लागून मोकळं माळरान आहे, अशी. दोन निराळे अधिवास जिथे भेटतात तिथे दोन्हीकडचे जीव येतात, शिवाय फक्त कडेलाच राहणारेही असतात. दाट झाडीच्या पोटात बसलात तर आवाज खूप येतील, दिसणार फार कमी.

एका बाजूला तरी आकाश उघडं असावं. पूर्व किंवा पश्चिम क्षितिज दिसलं तर फारच छान, त्याचा उपयोग पुढे थंडीत सांगतो. पाणी असेल तर सोन्याहून पिवळं, मग ते साधं डबकं का असेना. जमीन कुणाच्या मालकीची असेल तर आधी विचारून घ्या. बसायच्या जागी वाळलेल्या, लोंबकळणाऱ्या फांद्या डोक्यावर नाहीत ना, बिळं नाहीत ना, पावसात पाणी एकदम चढणारं पात्र नाही ना, हेही पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

चालणं जमत नसेल तर खिडकी, गच्ची, अंगणाचा कोपरा, काहीही चालेल. एक झाड आणि आकाशाचा एक तुकडा दिसला की पुढचं जवळजवळ सगळं तिथूनही करता येतं.

सोबत काय न्यावं

एक वही आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई दमट कागदावर पसरते, पेन्सिल भर पावसातही लिहिते. पाण्याची बाटली आणि बसायला जाड गोणपाट. कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे आणि हलताना सळसळ न करणारे.

सुरुवातीला एवढंच पुरे. तीन-चार महिने नेम टिकला आणि मग काही घ्यावंसं वाटलं, तर दुर्बिणीच्या आधी दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. ते स्वस्त असतं, खिशात मावतं, आणि शेवाळाचा हिरवा डाग त्यातून पाहिला की दाट रान दिसतं. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि वस्तू जवळ आणायची. बरेच जण भिंग वस्तूजवळ धरून स्वतः लांबून बघतात, त्यात काही दिसत नाही.

दुर्बीण घ्यायची झाली तर ८×४२ हा आकडा पाहा. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीच्या मोहात पडू नका. पट वाढली की हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो आणि दृष्टीचं क्षेत्र आक्रसतं.

पहिली वीस मिनिटं

तुम्ही पोचता तेव्हा ती जागा तुमच्यामुळे बिघडलेली असते. पक्षी इशाऱ्याचे आवाज काढून उडालेले असतात, सरडा फटीत गेलेला असतो, बेडकांनी पाण्यात उड्या मारलेल्या असतात. पाच मिनिटांत उठून गेलात तर तुम्ही ही पळापळच निसर्ग समजून घरी याल. पंधरा-वीस मिनिटं न हलता बसलात की एकेक जण कामाला परततो. खरं बघणं तिथून सुरू होतं.

ही मिनिटं जड जाऊ नयेत म्हणून एक क्रम सांगतो. बसल्यावर दोन मिनिटं डोळे मिटा आणि फक्त ऐका. आधी सगळ्यात लांबचा आवाज शोधा, मग सगळ्यात जवळचा. डोळे उघडून वहीच्या पानावर मधोमध फुली मारा, ती फुली म्हणजे तुम्ही. जो आवाज जिकडून येईल तिकडे कागदावर खूण करा. कोणाचा आहे हे कळायची गरज नाही, ‘टक-टक’, ‘लांब शीळ’, ‘सुकी पानं’ एवढं लिहिलं तरी चालेल. दोन्ही कानांमागे तळव्यांची ओंजळ धरून पाहा, समोरचे आवाज एकदम पुढे सरकल्यासारखे होतात.

मग नजर. एका बिंदूवर न रोखता ती सैल सोडा, जणू समोरचं सगळं एकाच वेळी बघायचं आहे. डोळ्यांच्या कडांना हालचाल फार चटकन कळते. कुठे काही हललं की मग तिकडे हळूच मान वळवा.

किती वेळ द्यावा असं लोक विचारतात. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली असल्याचं आणि समाधानी असल्याचं सांगणारे लोक जास्त होते, आणि ही १२० मिनिटं एकदम घालवली की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. कारण आणि परिणाम यांचा छडा अशा अभ्यासातून लागत नाही, पण माप म्हणून ते सोयीचं आहे. माझं माप: आठवड्यात एकदा तासभर आणि मध्ये दोनदा अर्धा-अर्धा तास.

वही

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा. तारीख आणि वेळ. आकाश. वारा. आणि आज पहिल्यांदा किंवा शेवटचं काय दिसलं.

वाऱ्यासाठी यंत्र लागत नाही. ब्रिटिश नौदलातले फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याची शून्य ते बारा अशी श्रेणी मांडली. ती जहाजांसाठी होती, पुढे जमिनीवरच्या खुणाही तिला जोडल्या गेल्या. धूर सरळ वर गेला तर शून्य. वारा चेहऱ्याला जाणवला आणि पानं सळसळली तर दोन. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर तीन, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागद उडाले तर चार, छोटी झाडं डुलायला लागली तर पाच, मोठ्या फांद्या हलल्या तर सहा. महिनाभरात तुम्ही चालता-चालता वाऱ्याला आकडा देऊ लागाल.

‘पहिलं’ आणि ‘शेवटचं’ हे रकाने मला सगळ्यात मोलाचे वाटतात. पहिलं पान फुटलं, पहिलं फुलपाखरू, पहिला बेडूक ओरडला, स्थलांतरित पक्षी शेवटचे दिसले. इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. कुठलं झाड कधी पालवलं, कुठला पक्षी कधी ओरडला, अशा २७ खुणा. त्यांच्यामागे घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी ते काम १९५८ पर्यंत चालवलं. जपानमधल्या क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी थेट नवव्या शतकापासून सापडतात. त्या बहुतांशी बहराचे सोहळे नोंदवणाऱ्या दरबारी मंडळींनी आणि भिक्षूंनी ठेवलेल्या. हवामान कसं बदलत गेलं हे शोधणारे शास्त्रज्ञ आज त्याच नोंदी वाचतात. ज्यांनी लिहिलं त्यांनी फक्त झाड फुललं म्हणून आनंदाने लिहिलं होतं.

चित्र येत नसलं तरी काढा. पान काढायला बसलात की त्याच्या कडा दातेरी आहेत की सरळ, शिरा समोरासमोर आहेत की आड-आड, हे बघावंच लागतं. फोटो काढताना बोट दाबलं की बघणं संपतं. फोटो काढायचाच तर दर आठवड्याला एकाच ठिकाणी उभं राहून एकाच दिशेचा एक काढा. वर्षाअखेर ते बावन्न फोटो ओळीने पाहा.

आता ऋतू. तुमच्याकडे ते ज्या क्रमाने आणि जितके येतात तसे घ्या. काही ठिकाणी पानगळ आणि पालवी एकाच महिन्यात असतात, काही ठिकाणी त्यांच्यामध्ये लांबलचक हिमाळ थंडी असते.

पालवी

हा ऋतू झपाट्याने निसटतो, म्हणून इथे आठवड्याचा नेम पुरत नाही. एक फांदी निवडा, डोळ्यांच्या उंचीवरची, आणि तिला सैलसा सुती दोरा बांधा. कळ्या फुगायला लागल्या की दर दोन दिवसांनी त्याच फांदीकडे जा. अख्खं झाड बघणाऱ्याला ‘झाड हिरवं झालं’ एवढंच दिसतं. एक फांदी बघणाऱ्याला कळीवरचे खवले सैल होताना, आत पंख्यासारखं घडी घातलेलं पान, त्यावरची लव, आणि एखाद्या उबदार दुपारनंतर ती घडी उलगडलेली दिसते.

कित्येक झाडांची कोवळी पानं आधी तांबूस असतात. तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. पान कोवळं असताना त्याची यंत्रणा पूर्ण तयार नसते, तेव्हा कडक उन्हापासून हे द्रव्य त्याला आडोसा देतं असं मानलं जातं. हिरवेपणा मागून भरतो. सकाळच्या तिरप्या उन्हात अशा पालवीच्या मागे उभं राहा, म्हणजे ऊन पानांतून गाळून तुमच्याकडे येईल. त्या पाच मिनिटांसाठी मी कितीही लवकर उठायला तयार असतो.

पहाटेचा पक्ष्यांचा गलबलाट याच दिवसांत भरात असतो. सूर्योदयाच्या साधारण तासभर आधी पोचा. प्रकाश इतका कमी असतो की अन्न शोधणं अवघड, हवा शांत असते, त्यामुळे आवाज लांब पोचतो. त्या वेळेत पक्षी आपली हद्द आणि आपली हजेरी गाऊन सांगतात. एकटा एक पक्षी सुरू करतो, मग दुसरा, मग सगळं रान. कोण कोणामागे सुरू होतं तो क्रम लिहून ठेवा, तो बऱ्यापैकी ठरलेला असतो.

उन्हाळा

उन्हाळ्याचा आनंद दिवसाच्या दोन टोकांना आणि सावलीत. भर दुपारी उन्हात हिंडू नका.

झाडाखाली आडवं पडून जमिनीवरचे कवडसे बघा. पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असतात, तरी खाली पडणारे कवडसे गोल किंवा लंबगोल का दिसतात? कारण प्रत्येक बारीक फट सुईच्या छिद्रासारखं काम करते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा उमटवते. तुम्ही शेकडो सूर्यांमध्ये पडलेले असता. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे कोरीसारखे वाकतात. आकाशाकडे न बघता ग्रहण पाहण्याची ही सगळ्यात सुंदर जागा.

याच दिवसांत झाडाची उंची मोजा. एक काठी घ्या, तिची लांबी तुमच्या डोळ्यापासून ताणलेल्या हाताच्या मुठीपर्यंतच्या अंतराएवढी असावी. हात सरळ पुढे धरून काठी उभी पकडा आणि मागे-मागे सरकत जा. काठीचं खालचं टोक बुंध्याला आणि वरचं टोक शेंड्याला जुळलं की थांबा. तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. तो वहीत लिहा, पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा मोजा.

पाणी आटत असतं तेव्हा प्रत्येक डबक्यावर गर्दी असते. पाण्यापासून थोडं लांब, वारा तुमच्या तोंडावर येईल असं बसा, म्हणजे तुमचा वास पाण्याकडे जाणार नाही. घराजवळ पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर भांडं उथळ असावं, त्यात एखादा दगड ठेवावा, आणि पाणी रोज बदलावं.

मोठं, संथ पाणी जवळ असेल तर चपटा दगड पाण्यावर उड्या मारत पाठवायचा खेळ खेळा. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की दगडाचा पाण्याशी सुमारे २० अंशांचा कोन असेल तेव्हा तो सगळ्यात चांगला उसळतो. शिवाय मनगटाने दिलेली फिरकी हवीच, तिच्याशिवाय दगड डगमगतो आणि बुडतो. पाण्यात पक्षी पोहत असतील तर मात्र खेळ दुसऱ्या दिवशी.

पाऊस

पावसाची तयारी ढगांपासून करा. लंडनमधले औषधनिर्माते ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये एका व्याख्यानात ढगांना नावं दिली, तोवर ढग इतके बदलते समजले जात की त्यांना नाव देता येईल असं फारसं कुणाला वाटलंच नव्हतं. त्यांनी मुळात तीन आकार धरले: पिसांसारखे तंतू, ढिगासारखे कापूसढग, आणि पसरलेला थर. आजची पद्धत त्यावरच उभी आहे. तुम्हाला सुरुवातीला या तीनच गोष्टी ओळखायला शिकायच्या. उंचावर पिसं, मग त्यामागून पातळ पडदा, सूर्याभोवती खळं, मग थर जाड आणि खाली येत गेलेला, असा क्रम दिसला तर बऱ्याचदा एक-दोन दिवसांत संथ, लांबलेला पाऊस येतो. सकाळचे छोटे कापूसढग दुपारपर्यंत फुलकोबीसारखे उंच चढत गेले आणि माथा ऐरणीसारखा पसरला तर वादळी सर येते.

पहिल्या थेंबांचा वास घ्यायला बाहेर या. इंग्रजीत या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिलं, मराठीत मृद्गंध हा गोड शब्द आहेच. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं दगड-मातीत मुरतात, आणि मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. माणसाचं नाक जिओस्मिनला विलक्षण तिखट आहे, हवेत त्याचे नुसते अंश असले तरी त्याला कळतं. थेंब सच्छिद्र जमिनीवर आदळला की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास घेतलेले बारीक तुषार हवेत उडवतात. जोरदार सरीपेक्षा हलक्या, टपटप पावसात हे तुषार जास्त उडतात. म्हणूनच मुसळधार पावसाला तो वास कमी आणि पहिल्या चार थेंबांना जास्त.

मग ऐका. पत्र्यावरचा पाऊस, मोठ्या पानावरचा, गवतावरचा, साचलेल्या पाण्यावरचा. डोळे मिटून आजूबाजूला कुठे काय आहे हे निव्वळ पावसाच्या आवाजावरून ओळखता येतं. भिजायचं असेल तर मनसोक्त भिजा, पण वीज नसताना. विजेच्या चमकेनंतर गडगडाट येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. हे सेकंद तीसपेक्षा कमी असतील तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. एकट्या झाडाखाली आसरा कधीही घेऊ नये, माझी जागा झाडाखालीच असल्यामुळे हा नियम मी फार कटाक्षाने पाळतो. ओढ्याला लाल पाणी आलं असेल तर ते कितीही उथळ दिसलं तरी त्यात पाय घालू नका.

सर ओसरून ऊन पडलं की सूर्याकडे पाठ करा. इंद्रधनुष्य तुमच्या डोक्याच्या सावलीभोवती ४२ अंशांवर उमटतं. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसत नाही, म्हणून इंद्रधनुष्यं सकाळ-संध्याकाळची. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. सावलीपासून चार मुठी वर मोजा आणि तिथे शोधा. पहिल्या कमानीच्या बाहेर दुसरी फिकट कमान असते, तिचे रंग उलटे असतात, आणि दोन कमानींमधलं आकाश बाकीच्यापेक्षा काळसर दिसतं. हा काळा पट्टा एकदा दिसला की नंतर दर वेळी दिसतो.

पावसानंतरचा तास सोडू नका. गोगलगायी, गांडुळं, पंख फुटून उधळणारी वाळवी, तिच्यावर तुटून पडणारे पक्षी, सगळं त्या तासात. अळंब्या निरखा, चित्र काढा, पण ओळखणारा जाणकार बरोबर नसेल तर तोंडात घालू नका.

पानगळ

पान वाऱ्याने तुटत नाही, झाड ते सोडतं. देठाच्या तळाशी पेशींचा एक थर तयार होतो, तो हळूहळू सुटतो आणि खाली जखम आधीच बुजलेली असते. गळलेल्या पानाच्या जागी फांदीवर उरणारा वण भिंगातून पाहा, प्रत्येक जातीचा वण निराळा. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवं द्रव्य मोडून नाहीसं झालं की तो उघडा पडतो. लाल मात्र त्याच काळात नव्याने तयार होतो.

वारा पडलेला दिवस बघून झाडाखाली बसा आणि एखादं पान सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत नजरेने सोबत करा. काही गिरक्या घेतात, काही झुलत येतात, काही सरळ. दहा पानं अशी पोचवा.

बिया गोळा करायला हे दिवस चांगले. नावानुसार न लावता प्रवासाच्या रीतीनुसार लावा: उडणाऱ्या, चिकटणाऱ्या, तडकून फेकल्या जाणाऱ्या, पोटातून जाणाऱ्या, तरंगणाऱ्या. फांद्या उघड्या पडल्या की वर्षभर लपलेली घरटीही दिसतात. ती रिकामी असली तरी काढू नका, काही जीव त्यात थंडी काढतात.

थंडी

स्वच्छ, निवांत रात्रीनंतरच्या सकाळी दव सगळ्यात जास्त पडतं. ढग नसले की जमिनीची ऊब थेट आकाशाकडे निघून जाते, गवत हवेपेक्षा गार होतं आणि हवेतला ओलावा त्यावर जमतो. तांबडं फुटायच्या सुमारास जा आणि सूर्य समोर ठेवून गवताकडे बघा. जी तिथे आहेत हे तुम्हाला माहीतही नव्हतं अशी कोळ्यांची शेकडो जाळी दवाने उजळून निघतात. चक्राकार जाळी विणणारे कितीतरी कोळी जुनं जाळं खाऊन रोज नवं विणतात. त्यामुळे कालचं जाळं आज तिथेच असलं तरी ते बहुधा कालचं नसतं. बूट काढून पाच मिनिटं त्या गवतातून चाला, आधी जागा नीट बघून.

गार हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत जाते आणि खोलगट जागी साचते. संध्याकाळी टेकाडावरून खाली उतरताना एका पायरीवर एकदम गारठा लागतो, ती जागा वहीत टिपा. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं तिथूनच सुरू झालेलं दिसेल. बर्फ पडत असेल तर काळं, गार कापड बाहेर धरा आणि त्यावर पडलेले कण भिंगातून पाहा. अमेरिकेतल्या व्हर्मोंटमधले शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले.

आणि आता क्षितिज. तुमच्या ठरलेल्या जागेवरून सूर्य नेमका कुठे उगवतो ते खुणेने टिपा: दोन झाडांमध्ये, डोंगराच्या सोंडेवर, खांबाच्या डावीकडे. २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपास तो बरोबर पूर्वेला असतो आणि रोज झरझर सरकतो. जून आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास तो जागीच थबकल्यासारखा होतो, मग मागे वळतो. पूर्वेच्या दोन्ही बाजूंना दोन मुठींपेक्षा जास्त अंतर तो चालतो, विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितकं आणखी. वर्षभराच्या खुणा एका लांब कागदावर ओळीने काढल्या की ते तुमच्या जागेचं स्वतःचं कॅलेंडर होतं, दुसऱ्या कुठल्याच जागेला न लागू पडणारं.

रात्र

दर ऋतूत एकदा तरी रात्री जा, कुणाला तरी सोबत घेऊन. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पडदा एकदा उजळला की ते सगळं पुसलं जातं. विजेरीवर लाल कागद लावा. अंधुक तारा बघायचा तर त्याच्या किंचित बाजूला नजर ठेवा, तो ठळक होतो.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास, मग रोज उशिरा. उल्का पाहायच्या तर १२-१३ ऑगस्ट आणि १३-१४ डिसेंबर या रात्री राखून ठेवा, चंद्र आड नसला तर पाठीवर पडून दोन तास आकाशच बघायचं.

रातकिडे ऐकताना एक प्रयोग करा. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉलबेअर यांनी १८९७ मध्ये रातकिडे किती भरभर आवाज काढतात याची आणि तापमानाची सांगड घातली. तिथल्या झाडांवर राहणाऱ्या एका जातीसाठी आठ सेकंदांतले आवाज मोजून त्यात पाच मिळवले की सेल्सिअस तापमान जवळपास मिळतं. तुमच्याकडच्या जातीचं गणित निराळं असेल. महिनाभर मोजा, शेजारी तापमान लिहा, आणि तुमच्या किड्याचं सूत्र तुम्हीच काढा.

सोबत आणि मर्यादा

मुलं बरोबर असतील तर वीस मिनिटं बसण्याचा आग्रह धरू नका. त्यांना एक हात चौरस जमीन दोरीने आखून द्या आणि त्यात किती जीव सापडतात ते मोजायला सांगा. नाव सांगायची घाई करू नका. ‘हे काय आहे?’ याला ‘ते काय करतंय?’ असा उलट प्रश्न केला की ती आणखी दहा मिनिटं बघत बसतात.

घरट्याजवळ जाऊ नका. पक्षी बोलावण्यासाठी फोनवरून त्यांचे आवाज वाजवू नका, त्यांना तो आवाज घुसखोराचा वाटतो आणि ते दाणे टिपायचं सोडून भांडायला येतात. उलटवलेला दगड जसा होता तसा परत ठेवा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं. सापाला वाट द्या. उंच गवतातून आल्यावर घरी पाय आणि कपडे गोचिडांसाठी तपासा.

आठवडा चुकला तर वहीत तेवढं पान कोरं सोडा आणि पुढच्या वेळी जा. वर्ष पुरं होऊन तीच तारीख परत आली की जुनी वही सोबत घ्या, मुळांवर बसा आणि गेल्या वर्षीचं पान आधी न वाचता आजचं लिहून काढा. मग दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडून ठेवा.